वापरलेल्या मल्चरची पाती : धारेआधी वजन

लोखंडाशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेली अनेक घराणी आपल्या समाजात आहेत. शिकलगारांचा मूळ धंदा तलवारी आणि सुऱ्यांना धार लावण्याचा. तलवारींचा जमाना सरला तेव्हा ही मंडळी हातावर हात ठेवून बसली नाहीत. मिरजेच्या शिकलगार घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये बनवण्याचे काम हाती घेतले आणि मिरजेच्या सतारी व तंबोरे देशभर नावाजले गेले. हुनर हाती असले की काम बदलले तरी रोजी बंद होत नाही, हा त्यातला धडा.

आज ऊस पट्ट्यातील कारागिरांपुढे असेच एक नवे काम आले आहे. उसाची तोडणी झाली की एका हेक्टरात साधारण ८ ते १० टन पाचट मागे राहते. पूर्वी ते सर्रास पेटवून देत. आता जाणते शेतकरी ट्रॅक्टरमागे यंत्र लावून पाचटाची शेतातच कुट्टी करतात आणि जमिनीला खत मिळते. द्राक्षबागेत छाटणीनंतर पडलेल्या काड्यांसाठीही हेच यंत्र चालते. इंग्रजीत याला फ्लेल मोअर म्हणतात. आपल्याकडे मल्चर किंवा पाचट कुट्टी यंत्र हे नाव रूढ आहे. अशी यंत्रे आता दुसऱ्या-तिसऱ्या हातांनी विकली जात आहेत आणि त्यांची पाती झिजलेली असतात. नवा संच महाग पडतो म्हणून शेतकरी जवळच्या गाळ्यावर येतो आणि म्हणतो, ‘मिस्त्री, एवढी धार लावून द्या.’

काम दिसायला सोपे आहे. ग्राइंडर तर प्रत्येक गाळ्यात असतो. परंतु या कामात अर्धवट माहिती जिवावर बेतू शकते. म्हणून ते पायरी पायरीने समजून घेऊ.

हे पाते म्हणजे सुरी नव्हे

कुर्बानीच्या दिवसांत सुऱ्यांना धार लावणाऱ्या कारागिराला ठाऊक असते की धार जितकी बारीक तितकी सुरी चांगली. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी तेज असावी, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणच आहे. मल्चरच्या पात्याचा हिशेब मात्र वेगळा आहे.

या यंत्रात लोखंडी पिंपासारखा एक आडवा रोटर असतो. त्याच्यावर कान वेल्ड केलेले असतात आणि प्रत्येक कानात बोल्टवर पाते मोकळे लटकत असते. ट्रॅक्टरच्या पीटीओचे ५४० फेरे गिअरबॉक्स आणि बेल्टमुळे वाढतात व रोटर मिनिटाला साधारण २,००० फेरे घेतो. त्या वेगाने पाती आपोआप बाहेर फेकली जाऊन ताठ उभी राहतात. दगड आडवा आला तर पाते मागे झुकते आणि पुन्हा सरळ होते.

आता थोडे गणित करू. पात्यांच्या टोकांचा घेर ४५ सेंटीमीटर व्यासाचा धरला, तर २,००० फेऱ्यांना टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर होतो. म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर. पाते १ किलोचे असेल आणि त्याचा वजनाचा मध्य रोटरच्या आसापासून १८ सेंटीमीटरवर असेल, तर ते आपल्या बोल्टला सुमारे ८०० किलोच्या जोराने बाहेर ओढते. १ किलोच्या पात्यामागे ८०० किलोची ओढ!

समोरासमोरच्या दोन पात्यांच्या वजनात फक्त ५० ग्रॅमचा फरक असला, तरी त्या फरकाची ओढ ४० किलोच्या आसपास जाते. ही ओढ रोटरबरोबर फिरते आणि बेअरिंगला दर सेकंदाला ३३ वेळा हिसका देते. बेअरिंग जळणे, कानाच्या वेल्डला तडा जाणे, बोल्ट ढिले होणे, गिअरबॉक्समधून तेल गळणे, हे सगळे येथून सुरू होते.

यावरून कामाचा क्रम ठरतो. पाते आधी निर्दोष असले पाहिजे, मग वजनात जोडीदाराशी जुळले पाहिजे. धार त्यानंतर. पाचट कापण्याचे काम बरेचसे वेगच करतो. धारेने ट्रॅक्टरचा भार आणि डिझेल वाचते, एवढेच.

सोडवण्यापूर्वी

ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी. पीटीओचा दांडा सोडवावा. यंत्र केवळ हायड्रॉलिकवर उचलून खाली कधीही शिरू नये. भक्कम लोखंडी घोड्यांवर किंवा जाड लाकडी ओंडक्यांवर ते टेकवावे. हायड्रॉलिकचे सील दगा देते तेव्हा सांगून देत नाही.

रोटर कोणत्या दिशेने फिरतो, हे पिंपावर रंगाने बाण काढून नोंदवावे. प्रत्येक कानाला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक त्याच्या पात्यावर रंगाने लिहावा. पात्यावर पंच मारून आकडे उमटवू नयेत. पंचाच्या खुणेतून पुढे तडा सुरू होऊ शकतो. मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घेतले तर जोडणीच्या वेळी वाद राहत नाही.

गंजलेले नट रात्रभर डिझेलमध्ये किंवा गंज सोडवणाऱ्या तेलात भिजू द्यावेत. तरीही सुटले नाहीत तर ग्राइंडरने नट कापावा. गॅसची ज्योत मारून बोल्ट तापवला तर शेजारचे पातेही तापते आणि त्याचे पाणी उतरते. बोल्ट नवा मिळतो. उतरलेले पाणी सहजी परत देता येत नाही.

रोटरच्या पिंपावर कुठे कुठे लोखंडाचे लहान तुकडे वेल्ड केलेले दिसतात. ते फालतू समजून काढू नयेत. कारखान्यात रोटरचा तोल जुळवण्यासाठी ते लावलेले असतात. रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेली तार, सुतळी आणि ठिबकच्या नळ्यांचे तुकडे मात्र कापून काढावेत. ते बेअरिंगच्या सीलमध्ये शिरून बेअरिंग खातात.

सफाई आणि पारख

पाती तारेच्या ब्रशने घासून, रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, कोरडी करावीत. मळलेल्या पात्यातला दोष दिसत नाही. मग प्रत्येक पाते पुढील कसोट्यांवर तपासावे.

पहिली कसोटी आवाजाची. पाते दोरीने भोकातून टांगावे आणि लहान हातोडीने हलके ठोकावे. एकाच घडणीच्या पात्यांत निर्दोष पाते खणखणीत वाजते, तडकलेले बद्द बोलते. घडा विकत घेताना आपल्या आया-बहिणी जे करतात तेच येथे करायचे.

दुसरी कसोटी तेल आणि खडूची. भोकाच्या भोवती आणि पात्याच्या वाकणात रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. नंतर पुसून पूर्ण कोरडे करावे आणि त्यावर खडू घासावा. तडा असेल तर आत मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते.

तिसरी कसोटी भोकाची. भोक गोल असावे. लांबट झाले असेल, किंवा भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंतचे लोखंड झिजून पातळ झाले असेल, तर ते पाते बाद. ८०० किलोची ओढ याच जागी बसते.

चौथी कसोटी आकाराची. पाते वाकले असेल तर ते सरळ करू नये. ऐरणीवर ठोकून सरळ केलेले पाते वरून ठीक दिसते, पण वाकलेल्या जागी ते कमजोर झालेले असते. धारेचा तिरका उतार झिजून संपला असेल, तर तेही बाद समजावे.

तडकलेल्या पात्याला वेल्डिंग करावे का? नाही. चांगली पाती बहुधा बोरॉन पोलादाची आणि पाणी दिलेली असतात. वेल्डच्या शेजारची पट्टी तापून लगेच थंड होते आणि काचेसारखी ठिसूळ बनते. पाते पुढे तेथूनच तुटते. रोटाव्हेटरच्या पात्यांवर कडक इलेक्ट्रोडचा थर चढवण्याची पद्धत गाळ्यांत आहे. परंतु रोटाव्हेटर सावकाश आणि मातीत फिरतो, तर मल्चरचे पाते मोकळ्या हवेत ताशी १७० किलोमीटरने जाते. एकाची सवय दुसऱ्याला लावू नये.

धार कशी लावावी

पाती दोन जातींची असतात. एक वाय आकाराची, पातळ, दोन-दोनच्या जोडीत बसणारी. ती गवतासाठी आणि हलक्या पाचटासाठी असतात. दुसरी हातोड्यासारखी जाड व रुंद, काड्या व जड पाचटासाठी. काही पाती दोन्ही बाजूंनी वापरता येतात. अशी पाती आधी उलटून लावून पाहावीत. न वापरलेली धार हाती असताना लोखंड का घासावे?

पाते व्हाइसमध्ये घट्ट धरावे. धार फक्त मूळ उताराच्या बाजूनेच लावावी. मागची सपाट बाजू घासू नये. मूळ उताराचा कोन जसा असेल तसाच ठेवावा; तो सामान्यतः ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असतो. कोन कमी करून सुरीसारखी धार काढली तर पहिल्याच दगडाला ती मुडपते. धारेच्या टोकाला १ ते दीड मिलिमीटर जाडी राहू द्यावी. हातोडा जातीच्या पात्याला तर धार म्हणजे फक्त पुढची गोलावलेली कड सरळ करणे.

जाड ग्राइंडिंग चाकापेक्षा ६० नंबरची फ्लॅप डिस्क बरी. ती लोखंड बेताने काढते आणि कमी तापवते. पाते तापणे हाच धार लावण्यातला मोठा शत्रू आहे. पोलाद सुमारे २३० अंशांना पेंढ्यासारखे पिवळे दिसू लागते आणि ३०० अंशांच्या आसपास निळे पडते. धार निळी पडली की पाणी उतरले समजावे. असे पाते आठवडाभरात बोथट होते आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहते. एका पात्यावर चार-सहा हात मारावेत, ते बाजूला ठेवावे, दुसरे घ्यावे. हात लावता येईल इतकेच ऊन ते राहिले पाहिजे. लाल तापवून पाण्यात बुडवण्याची घाई तर मुळीच नको. त्याने बारीक तडे जातात.

डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे आणि हातात चामडी मोजे हवेतच. ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा कमी फेऱ्यांची डिस्क त्याला लावू नये. डिस्कवर कमाल फेरे छापलेले असतात. ग्राइंडरचे गार्ड काढून काम करणारा शागीर्द चपळ वाटतो, पण उस्तादाने त्याला तेथेच थांबवले पाहिजे.

वजनाचा मेळ

आता खरे काम. किराणा दुकानात असतो तसा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. धार लावून झालेले प्रत्येक पाते त्यावर ठेवावे आणि वजन वहीत क्रमांकासमोर लिहावे. भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंतची लांबीही मोजावी.

सर्व पाती वजनाच्या उतरत्या क्रमाने मांडावीत. एका संचातील फरक शक्यतो १० ग्रॅमच्या आत आणावा. जड पात्याचे वजन टोकाकडून किंवा उताराच्या बाजूने घासून कमी करावे. भोकाजवळचे लोखंड कधीही काढू नये. घासूनही मेळ बसत नसेल तर सर्वांत जवळच्या वजनांच्या जोड्या लावाव्यात आणि जोडीतली दोन पाती रोटरवर एकमेकांच्या समोर, अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर बसवावीत.

नवे पाते घालायचे असेल तर एकटे घालू नये. झिजलेल्या पात्यासमोर नवे पाते आले की तोल गेलाच. जेथे एक बाद झाले तेथे समोरचेही बदलून जोडीने नवी घालावीत. समोरचे काढलेले पाते निर्दोष असेल तर ते वजन लिहून जपून ठेवावे. पुढे दुसऱ्या जोडीत उपयोगी पडते.

दिव्य कुरआनच्या सूरह सबामध्ये ह. दाऊद (अ.) यांचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखते बनवताना कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञा दिली. एक कडे मोठे, एक लहान झाले तर चिलखत अंगावर असूनही माणूस उघडाच. लोखंडाचे काम करणाऱ्याने मापाशी इमान राखावे, ही शिकवण वजनकाट्यासमोर बसलेल्या कारागिरालाही तितकीच लागू आहे.

जोडणी आणि चाचणी

बोल्ट, बुश आणि नट शक्यतो नवेच घालावेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. जुन्यावर जो असेल त्याहून हलका चालत नाही. साध्या सळईला आटे पाडून बोल्ट बनवणे म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ आहे. नायलॉन घातलेला नट एकदा सोडला की त्याची पकड कमी होते, म्हणून तो पुन्हा वापरू नये.

नट आवळल्यानंतरही पाते हाताने सहज झुलले पाहिजे. अडकलेले पाते वेगात सरळ उभे राहत नाही आणि तोल बिघडवते. धारेचे तोंड बाणाच्या दिशेने आहे की नाही ते पाहावे. मग बेल्ट सोडलेला असतानाच रोटर हाताने फिरवावा. तो प्रत्येक वेळी एकच बाजू खाली घेऊन थांबत असेल तर त्या बाजूला वजन जास्त आहे. वही पुन्हा तपासावी.

चाचणीपूर्वी पुढचे-मागचे पडदे किंवा साखळ्या आणि पीटीओचे कव्हर लावलेच पाहिजे. यंत्राच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये. पोरेटोरे तर अंगणातच नकोत. कमी फेऱ्यांवर सुरू करून वेग हळूहळू वाढवावा. थरथर जाणवली तर लगेच बंद करावे. ‘चालू दे, बसेल आपोआप’ ही भाषा येथे चालत नाही. पहिल्या तासाच्या कामानंतर सर्व नट पुन्हा आवळून घेण्यास गिऱ्हाइकाला सांगावे. पाती मातीला लागू नयेत म्हणून रोलर किंवा स्किडची उंची कशी ठेवायची, हेही दाखवून द्यावे. पात्यांची निम्मी झीज पाचटाने नव्हे, मातीने होते म्हटले तरी चालेल.

हिशेब आणि सचोटी

मजुरी आधी ठरवावी, मगच पाना लावावा. हिशेबाचे तीन भाग करावेत : खोल-जोडणीची एकरकमी मजुरी, धार व वजन मेळाची दर पात्यामागे मजुरी, आणि बोल्ट-पात्यांची बिलाप्रमाणे किंमत. समजा संचात ३२ पाती आहेत आणि एका पात्याला सफाई, तपासणी, धार व वजन मिळून १० मिनिटे लागतात. म्हणजे ३२० मिनिटे, जवळजवळ साडेपाच तास नुसत्या पात्यांचे. हा वेळ न मोजता दर सांगणारा कारागीर पुढे वजनाचे काम टाळू लागतो, कारण ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

हंगामाकडेही लक्ष असावे. ऊसतोडणी साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. म्हणून पावसाळ्याच्या महिन्यांत, यंत्रे गोठ्यात उभी असताना, शेतकऱ्यांना आणि भाड्याने यंत्र चालवणाऱ्यांना भेटून काम घ्यावे. ऐन हंगामात घाई असते आणि घाईत पारख सुटते.

अवघड प्रसंग येतो तो बाद पात्यांचा. गिऱ्हाईक म्हणते, ‘एवढा सीझन काढू द्या, वेल्ड मारा, माझी जबाबदारी.’ पण तुटलेले पाते गिऱ्हाइकाला ओळखून उडत नाही. ते शेजारच्या वाफ्यात खुरपणाऱ्या मजूर बाईला लागू शकते, बांधावर बसलेल्या मुलाला लागू शकते. तिने कुठे जबाबदारी घेतली होती? अशा वेळी नम्रपणे नकार द्यावा. दहा पात्यांची मजुरी जाईल. रोजी देणारा अल्लाह आहे. बिलावर स्पष्ट लिहावे : एकूण पाती इतकी, बाद इतकी, कारण अमुक. बाद पाती गिऱ्हाइकाची अमानत आहेत, त्यांच्या भंगाराचा पैसाही त्याचाच. ती परत करावीत. मात्र त्याची परवानगी घेऊन ग्राइंडरने मधोमध कापून द्यावीत, म्हणजे पुन्हा कोणी ती बसवणार नाही.

जुने यंत्र घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्या व्यापारी बांधवांनी विशेष जपावे. काळा रंग मारला की तडा झाकतो आणि यंत्र नवे दिसते. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. मल्चर विकतानाही ओले धान्य वर ठेवावे : वजनाची वही गिऱ्हाइकासमोर उघडावी, किती पाती जुनी, किती नवी ते सांगावे. भाव थोडा कमी येईल, पण पुढच्या गावातून दुसरे गिऱ्हाईक त्याच्याच शब्दावर येईल.

हा धंदा सुरू करण्यास फार भांडवल लागत नाही. ग्राइंडर, व्हाइस, काटा, वही आणि सबुरी एवढे पुरे. धार कोणीही लावील. ज्या गाळ्यातून निघालेले यंत्र थरथरत नाही आणि ज्याचे पाते शेतात तुटून उडत नाही, तो गाळा पंचक्रोशीत ओळखला जाईल आणि त्याच्या कमाईत बरकत राहील, इन्शाअल्लाह.